खुर्चीच्या डाव्या बाजूला

आमच्या दवाखान्यात नवी मुलगी कामाला आली की पहिले पंधरा दिवस मी तिला रुग्णाच्या खुर्चीजवळ उभं राहू देत नाही. मागच्या खोलीत, सिंक आणि उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या मधे तिची जागा. मुलींना हे आवडत नाही. त्या येतात तेव्हा त्यांच्या मनात पांढरा कोट असतो, हातातला ट्रे असतो, डॉक्टरांच्या शेजारची जागा असते. दोन दिवसांत एखादी विचारतेच, ‘अक्का, मला भांडी घासायला ठेवलंय का?’ मी तिला खुर्चीकडं बोट दाखवून सांगते, आज सकाळपासून इथं जी माणसं बसून गेली, त्यातल्या एकाचं रक्त दुसऱ्याच्या तोंडात जायला नको. हे डॉक्टरांना दर वेळी बघता येत नाही आणि रुग्णाला तर दिसतच नाही. ते तू बघायचंस. म्हणून आधी हे शिक, बाकीचं सगळं मागाहून.

मी मूळची खानापूरची. लग्न होऊन बेंगळुरूला आले, जयनगरात दातांच्या दवाखान्यात लागले आणि याच कामात राहिले. आता नव्या मुलींना तयार करणंही माझ्याकडंच असतं. गावाकडं माझ्या मावसबहिणीची मुलगी पीयूसीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. ती फोनवर विचारते, ‘मावशी, तुझं काम शिकायचं तर कुठं जायचं? कोर्स असतो का? किती दिवसांचा?’ फोनवर पुरं सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. डेंटल असिस्टंट होऊ बघणाऱ्या आणखी कुणाच्या घरातही हे वाचलं जावं.

जयनगर ही बेंगळुरूची आखून वसवलेली जुनी वस्ती. १९४८ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, त्याची आठवण म्हणून अशोक स्तंभ अजून उभा आहे. त्याच वर्षी, काही महिने आधी, देशात दंतवैद्यकाचा कायदा झाला. त्या कायद्यानं तीन माणसं ओळखली. दात तपासून उपचार करणारा डॉक्टर, दात साफ करणारा आणि तोंडाची निगा शिकवणारा हायजिनिस्ट, आणि कवळ्या-दात बनवणारा मेकॅनिक. या तिघांची नोंदणी होते. खुर्चीच्या डाव्या बाजूला बसून सक्शन धरणारी, ट्रे लावणारी, सिमेंट कालवणारी चौथी व्यक्ती त्या यादीत नाही. जयनगरच्याच चौथ्या टी ब्लॉकमध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, १९९६ साली स्थापन झालेलं. राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. डॉक्टर व्हायला इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात, हायजिनिस्टला दोन. हे विद्यापीठ आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण असिस्टंटनं किती शिकावं, याची सक्ती कुठंच नाही.

त्यामुळं भाचीच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. केंद्र सरकारच्या कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘डेंटल असिस्टंट’ हे काम नोंदलेलं आहे. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनं त्याचा अभ्यासक्रम ठरवला आहे आणि बारावीनंतर तो करता येतो. खासगी संस्थांचे काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे कोर्स असतात. आणि खरं सांगायचं तर जयनगर, बसवनगुडी, जे. पी. नगर इथल्या दवाखान्यांत मला भेटलेल्या बहुतेक मुली यातल्या कुठल्याच वाटेनं आलेल्या नाहीत. कुणीतरी ओळखीनं आणलं, जुनी मुलगी होती तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बघत बघत शिकल्या. मीही तशीच शिकले.

बघत शिकण्यात एक मोठी खोट आहे. हाताला वळण लागतं, पण कारण कळत नाही. शेजारचीनं चुकीचं शिकवलं तर तेच चुकीचं पुढं चालत राहतं. उलट, नुसत्या वर्गात बसून कागद मिळवलेल्या मुलीही मी बघितल्या. त्यांना उपकरणांची नावं पाठ असतात, पण रुग्णाला उलटीसारखं झालं की त्या दोन पावलं मागं सरकतात. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी संस्थेत जाऊन बघ, असं मी भाचीला सांगते. तिथं चालू खुर्ची आहे का? खरे रुग्ण येतात का? ऑटोक्लेव्ह रोज चालतो की काचेच्या कपाटात शोभेला ठेवलाय? आणि कुणी सांगितलं की हा कोर्स करून तू दात साफ करशील, छोटं फिलिंग करशील, पुढं स्वतःचा दवाखाना काढशील, तर तिथून उठून यायचं. रुग्णाच्या तोंडात उपचार करण्याचा हक्क असिस्टंटला नाही. गावोगावी असे शिकाऊ हात दातांचे डॉक्टर होऊन बसतात आणि माणसांची हाडं सडवतात. त्या रांगेत आपल्या पोरीनं बसू नये.

आता मागच्या खोलीचं सांगते. माझ्या मते अर्धं शिक्षण तिथंच आहे.

वापरलेलं उपकरण एकाच दिशेनं जायचं, घाणीकडून स्वच्छतेकडं. परत फिरायचं नाही. ट्रे आला की जाड हातमोजे घालून धारदार वस्तू आधी वेगळ्या काढायच्या. मग धुणं, त्यानंतर अल्ट्रासॉनिकच्या टाकीत टाकणं, कारण मिररच्या दांड्याच्या खाचेत, रूट कॅनॉलच्या फाईलच्या पिळात अडकलेलं रक्त ब्रशनं निघत नाही. मग पूर्ण कोरडं करणं. मग पाऊच. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचाच थोरला भाऊ, वाफेच्या दाबानं काम करणारा. १२१ अंशांना किमान पंधरा मिनिटं, १३४ अंशांना त्याहून फार कमी, आणि ही वेळ मोजायची ती तापमान गाठल्यानंतर. मुली घाईत काय करतात, तर पाऊच एकावर एक दाबून भरतात. मधे वाफच शिरत नाही. बाहेर काढल्यावर पाऊच गरम असतं, म्हणून वाटतं झालं. पण गरम होणं वेगळं आणि निर्जंतुक होणं वेगळं. पाऊचवरची पट्टी रंग बदलते, ती एवढंच सांगते की याला उष्णता लागली. जंतू खरंच मेले का, हे बघायला अतिशय चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी आत ठेवून नंतर तपासतात. ज्या दवाखान्यात ही तपासणी ठरलेल्या दिवशी होते आणि वहीत लिहिली जाते, तिथं मुलगी काम शिकेल असं मी खुशाल समजते.

सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी खुर्चीच्या नळ्यांतून दोन मिनिटं पाणी सोडायचं, कारण रात्रभर साचलेल्या पाण्यात नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दोन रुग्णांच्या मधेही वीस-तीस सेकंद. हे कुणी बघत नसतं. म्हणूनच मुलगी ते करते की नाही, हे मी बघते.

कचऱ्याचे डबे हा दुसरा धडा. रक्त लागलेला कापूस आणि काढलेला दात पिवळ्यात. सक्शनची नळी, हातमोजे, प्लास्टिक लाल डब्यात. सुया, ब्लेड पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निळ्यात. चांदीचं फिलिंग असलेला दात मात्र पिवळ्यात टाकायचा नाही, कारण तो कचरा जाळतात आणि त्यातला पारा हवेत जातो. डबे दवाखान्यात ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत.

डब्यांचे हे रंग आणि ४८ तासांची मुदत २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आहे. या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या मुलींना कुणी सांगत नाही. दवाखाना कितीही लहान असो, तिथं काम करणाऱ्या आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी निदान एकदा प्रशिक्षण देणं हीसुद्धा. १९४८ च्या कायद्यात आमचं नाव नाही, पण या नियमात आमचं शरीर आहे. मला हे कळलं तेव्हा मी तो नियम छापून मागच्या खोलीत सिंकच्या वर लावला. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला तो वाचून दाखवते.

लसीबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. एका दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीला ट्रे उचलताना सुई टोचली. सुईवर टोपण नव्हतं, ट्रेच्या कागदाखाली ती दडलेली होती. मुलीनं लस घेतलेली नव्हती आणि ती घ्यायची असते हेही तिला माहीत नव्हतं. त्या रात्री ती झोपली नाही, मीही नाही. तिच्या तपासण्या पुढं चांगल्या आल्या. पण लस न घेतलेल्याला कावीळ बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीची हजारात तीनच्या आसपास असते. कावीळ बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा तग धरतो. आणि त्यावर लस आहे, तीन डोसांची, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून ती लागू पडली का हेही बघता येतं. एवढं सोपं असताना एकही मुलगी लसीविना ट्रेला हात लावता कामा नये.

टोचलंच तर काय करायचं हेही पहिल्याच आठवड्यात शिकवते. साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, लपवायचं तर मुळीच नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून गप्प बसणाऱ्या मुली असतात. अशा भीतीच्या जागी काम शिकता येत नाही.

पंधरा दिवस झाले की खुर्चीजवळ. इथं शिकवताना मी रुग्णाचं डोकं घड्याळाच्या मधोमध आहे असं धरायला सांगते, टाळूकडं बारा, हनुवटीकडं सहा. उजव्या हाताचे डॉक्टर सात ते बाराच्या मधे बसतात. आपली जागा दोन ते चारमध्ये. उपकरणांची देवाणघेवाण चार ते सातच्या पट्ट्यात, हनुवटीखाली, छातीच्या वर. डोळ्यांवरून काहीही न्यायचं नाही. एकदा हे अंगात भिनलं की डॉक्टरांना मान वळवावी लागत नाही. डॉक्टर हात उघडतात आणि पुढचं उपकरण त्यात आलेलं असतं. चार हातांनी काम करण्याची ही पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात दंत महाविद्यालयांतून पद्धतशीर शिकवली जाऊ लागली. त्याआधी बरीच वर्षं, १८८५ साली, न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. एडमंड केल्स यांनी मालविना क्वेरिया नावाच्या बाईंना मदतनीस म्हणून ठेवलं होतं. जगातली पहिली डेंटल असिस्टंट म्हणून त्यांचंच नाव घेतात. दवाखान्यात बाई हजर आहे म्हटल्यावर एकट्या बायका धीरानं दात दाखवायला येऊ लागल्या. हे मला अजून रोज दिसतं. बुरखा घेतलेल्या, नऊवारीतल्या, पहिल्यांदाच खुर्चीत आडव्या होणाऱ्या बायका आधी माझ्याकडं बघतात, मग डॉक्टरांकडं.

दातांचे आकडे पाठ करावेच लागतात. तोंडाचे चार भाग, रुग्णाचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. प्रत्येक भागात मधल्या दातापासून अक्कलदाढेपर्यंत आठ. डॉक्टर ‘थ्री सिक्स’ म्हणाले की खालची डावी पहिली मोठी दाढ. डॉक्टरांनी छत्तीस सांगितलं आणि मुलगी चुकून सेहेचाळीस ऐकून बसली, तर एक्स-रे भलत्याच बाजूचा निघतो. दुधाच्या दातांना पाचपासून आठपर्यंतचे भाग. रूट कॅनॉलच्या फाईलींचे रंग मुली लवकर शिकतात. पंधरा नंबर पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी, आणि पंचेचाळीसपासून परत पांढरी.

माप घ्यायचं अल्जिनेट कालवणं ही मात्र हाताचीच विद्या. भुकटी आणि पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, पण पाणी किती गार ते लिहिणाऱ्याला आपल्या गावचा उन्हाळा माहीत नसतो. बेंगळुरूत डिसेंबरात नळाचं पाणी घेतलं तर पुरेसा वेळ मिळतो. एप्रिलमध्ये तेच पाणी घेतलं की वाटीतच घट्ट होऊन बसतं. म्हणून उन्हाळ्यात मी फ्रिजमधलं पाणी काढून ठेवते. वाटीच्या कडेला पात्यानं दाबून दाबून, मिनिटाच्या आत मलईसारखं गुळगुळीत व्हायला हवं, बुडबुडा राहता कामा नये. आणि माप बाहेर आलं की ओल्या कापसात गुंडाळून लगेच प्लॅस्टर ओतायचं. ठेवून दिलं की त्यातलं पाणी सुटतं, माप आकसतं, आणि दोन आठवड्यांनी आलेली कवळी म्हाताऱ्या माणसाला टोचते. त्याला कुणी सांगत नाही की त्या दिवशी मुलगी फोनवर होती.

जयनगरात म्हातारी माणसं खूप. निवृत्त झालेले, मुलं परदेशात, संध्याकाळी चौथ्या ब्लॉकच्या बाजारात भाजी घेऊन परत जाताना दवाखान्यात डोकावणारे. त्यांच्यामुळं इथली असिस्टंट काही वेगळंही शिकते. दाढ काढायची असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, साखर आहे का, आज सकाळी काही खाल्लंय का, हे खुर्चीत बसवण्याआधी विचारायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. गोळी बंद करायची की नाही हे आपण कधी बोलायचं नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. काम झाल्यावर खुर्ची एकदम सरळ करायची नाही. बराच वेळ आडव्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला झटकन उठवलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. कानानं कमी ऐकणाऱ्यांच्या समोर, मास्क खाली न घेता, डोळ्यांनी आणि हातानं सांगायचं. ‘बायी तेरीरी’ (तोंड उघडा), ‘नोवु इदेया?’ (दुखतंय का?) एवढं कन्नड तर पहिल्या दिवशीच लागतं. शेजारी तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारेही असतात. खानापूरच्या पोरीला कन्नड नवं नसतं, हा आपल्या सीमाभागातल्या मुलींचा खरा फायदा आहे.

आणि पाय बघायचे. डॉक्टरांची नजर तोंडात असते, रुग्ण बोलू शकत नाही. दुखलं की आधी पायाची बोटं वळतात, खुर्चीचा हात घट्ट धरला जातो. ते बघून डॉक्टरांना हळूच सांगायचं. हे एकाही कोर्सच्या पुस्तकात मला दिसलं नाही.

एक्स-रेबद्दल एकच गोष्ट कडक शब्दांत सांगते. रुग्णाच्या तोंडातला सेन्सर आपल्या बोटानं धरायचा नाही, लहान मूल असलं तरी नाही. होल्डर वापरायचा, नाहीतर आईला शिशाचा एप्रन घालून उभं करायचं. आपण दोन मीटर लांब, किरणांच्या वाटेतून बाजूला. ज्या केल्स डॉक्टरांनी पहिली असिस्टंट ठेवली, तेच दातांचे एक्स-रे काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी होते. वर्षानुवर्षं यंत्र जुळवताना स्वतःचा हात किरणांसमोर धरत राहिले. आधी बोटं गेली, मग हात, आणि १९२८ साली त्या दुखण्याला कंटाळून त्यांनी आयुष्य संपवलं. नव्या मुलींना मी ही हकिकत पुरी सांगते. ‘एकदा धरलं तर काय होतंय’ हे वाक्य त्यानंतर ऐकू येत नाही.

पगाराचं आणि वेळेचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आमच्याकडचे बरेच दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेचार-पाच ते रात्री नऊ असे चालतात. मधले तीन-चार तास ना घरचे ना कामाचे. लांब राहणाऱ्या मुलीला तेवढ्यात जाऊन येणं परवडत नाही, ती दवाखान्याच्या बाकावरच डबा खाते. रात्री नऊनंतर बस किंवा मेट्रो. आर. व्ही. रोड स्टेशनवर २०२५ साली पिवळी लाईन सुरू झाली, तेव्हापासून बोम्मसंद्रकडच्या मुलींचे हाल थोडे कमी झालेत. कर्मचारी राज्य विमा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सक्तीचा आहे. दोन-तीन माणसांच्या दवाखान्यातली मुलगी त्याच्या बाहेर राहते. ब्रिटनमध्ये डेंटल नर्सला २००८ पासून डॉक्टरांसारखीच वैधानिक परिषदेकडं नोंदणी करावी लागते, तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो. आपल्याकडं २०२३ साली संसदेनं जुन्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. नवी व्यवस्था बसत असताना असिस्टंटचं शिक्षण किती, कुठं आणि तिची नोंद कशी, हेही ठरवून टाकावं असं मला मनापासून वाटतं. आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही. शिकलेली आणि न शिकलेली यांच्यात रुग्णाला फरक करता यावा, एवढंच.

तोवर भाचीला माझा सल्ला असा. पीयूसी शास्त्र शाखेतून पुरी कर, म्हणजे पुढं हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट मोकळी राहते. कोर्स करायचा असेल तर बेळगावच्या के.एल.ई. दंत महाविद्यालयात आधी चौकशी कर, १९८५ पासूनचं जुनं कॉलेज आहे, घराजवळ आहे. पहिला लसीचा डोस आताच घे, म्हणजे कामाला लागेपर्यंत तिन्ही पुरे होतील. मुलाखतीला गेलीस की पगाराबरोबर तीन गोष्टी विचार: नेमणुकीचं पत्र देणार का, ऑटोक्लेव्हची वही आहे का, आणि सुई टोचली तर खर्च कोण करणार. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी तिथं एक वर्ष काढ. आणि पहिले पंधरा दिवस मागच्या खोलीत उभं केलं, तर रुसून बसू नकोस.